लोणकढ्या तुपाची लोणकढी थाप

१/ गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन निरनिराळ्या गटांतून आला. मथळा होता 'अस्सल तूप ओळखा'. मजकुराचा सारांश असा: पूर्वी खेड्यातले तूप निर्भेळ होते, परक्या कंपनीने डालडा आणला आणि आपले तूप नासवले, आता तूप तळहातावर घ्या, वितळले तर अस्सल समजा. यातले पहिले विधान खोटे आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसरे निरुपयोगी आहे. हा धागा त्या संदेशाचे खंडन करण्यासाठी लिहीत आहे.

२/ परंतु केवळ खंडन हा हेतू नाही. या थापेच्या आड एक खरी गोष्ट झाकली जाते. तूप आणि वनस्पती यांतला फरक ग्राहकाला डोळ्यांनी दिसावा, की तो फक्त प्रयोगशाळेला कळावा, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या देशापुढे उभा राहिला होता. आपण दुसरा पर्याय निवडला. त्या निवडीची किंमत आजही शहरातला ग्राहक आणि राधानगरीतला म्हैसवाला हे दोघेही मोजत आहेत.

३/ प्रारंभ राधानगरीपासून करू. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतले आणि आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावाने हे गाव वसवले, हे सर्वांना ठाऊक आहे. या तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग डोंगरी. पाऊस प्रचंड, वाटा अवघड. वरच्या धनगरवाड्यांवर म्हशी होत्या, पण तिथले दूध बाजारात पोचण्याआधी नासून जाई. म्हणून दुधाचे दही, दह्याचे लोणी आणि लोण्याचे तूप करायचे, आणि ते डोक्यावरून खाली आणायचे. तूप म्हणजे वाहून नेता येईल असे केलेले दूध होते. तो पोटाचा व्यवहार होता. त्यात गूढ काही नव्हते.

४/ मग त्या तुपात असते तरी काय? कोणतेही तूप, तेल वा चरबी ही रसायनाच्या भाषेत एस्टरे असतात. ग्लिसरॉलचा एक रेणू मध्ये, आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्ले. शेंगदाण्याच्या तेलात ही मेदाम्ले लांबलचक असतात, बहुतेक अठरा कार्बनांची. दुधाच्या मेदात मात्र त्या लांब साखळ्यांसोबत एक अगदी आखूड साखळी सापडते: चार कार्बनांची, ब्युटिरिक आम्लाची. वजनाने ती शेकडा तीन-चारच भरते. तुपाच्या साऱ्या खटल्यात मुख्य साक्षीदार तीच आहे.

५/ हे आम्ल लोण्यातून वेगळे केले फ्रेंच रसायनज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. १८२३ साली त्यांचा मेदपदार्थांवरचा मोठा ग्रंथ आला. लोण्याला लॅटिनमध्ये 'ब्युटिरम' म्हणतात, म्हणून हे ब्युटिरिक आम्ल. त्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'बूस' आहे, म्हणजे गाय. आणि हा 'बूस' व आपला संस्कृत 'गो' एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. पुढे चार कार्बनांच्या अनेक संयुगांना याच आम्लावरून नाव पडले: ब्युटिल, ब्युटेनॉल, ब्युटेन. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधल्या वायूच्या नावातही अशी एक गाय बांधलेली आहे.

६/ चार कार्बनांची ही साखळी दुधात येते कुठून? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून. म्हैस गवत खाते, पण ते पचवतात तिच्या पहिल्या कोठ्यातले सूक्ष्मजीव. त्यांच्या आंबवण्यातून जी आम्ले तयार होतात त्यांत ब्युटिरिक असते, आणि त्यापासून बनलेले घटक रक्तावाटे कासेत पोचतात. म्हणून ते गाय, म्हैस, शेळी, मेंढी अशा रवंथ करणाऱ्यांच्याच दुधात ठळकपणे आढळते. दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याच्या दुधातही ते असणार. शेंगदाणा, सरकी, पाम यांच्या तेलात ते नसते. भेसळ पकडण्याचा सारा आधार हाच.

७/ त्याचा आणखी एक गुण. एस्टर म्हणून ग्लिसरॉलला बांधलेले असताना ब्युटिरिक आम्लाला वास नसतो. लोणी जुने झाले की ते सुटे होते, आणि मग जो दर्प सुटतो त्याला आपण खवट म्हणतो. हेच आम्ल इथाइल अल्कोहोलशी जोडले की अननसाचा सुगंध देणारे एस्टर बनते. लोणी कढवताना कोणत्या क्षणी भांडे उतरवायचे आणि कोणते लोणी शिळे आहे, हे घरातल्या बाईचे नाक सांगत असे. रसायनशास्त्राचे नाव न घेता ती एस्टरांची परीक्षाच करीत होती. हा धागा त्या नाकाचे पुढे काय झाले याचाही आहे.

८/ नाकाला फसवणारा पदार्थ प्रथम युरोपात आला. १८६९ साली फ्रान्समध्ये मेज-मूरिए यांनी गुरांच्या चरबीपासून लोण्याचा स्वस्त पर्याय बनवला, तो मार्गारिन. लगेच लोण्यात मार्गारिन मिसळणारे व्यापारी निघाले. तेव्हा १८७९ साली राइशर्ट यांनी एक चाचणी सुचवली व माइस्ल यांनी तिच्यात सुधारणा केली. चाचणी अशी: पाच ग्रॅम मेद घ्या, त्यातली एस्टरे फोडा, आम्ले सुटी करा, वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी आम्ले गोळा करा, आणि ती शमवायला ठरावीक तीव्रतेचे अल्कली किती मिलिलिटर लागते ते मोजा.

९/ जो आकडा येतो तो राइशर्ट-माइस्ल अंक, आपल्या प्रयोगशाळांच्या बोलीत 'आर. एम.' तुपाचा अंक साधारण पंचवीस ते पस्तिशीच्या घरात येतो. खोबरेल तेलाचा सहा-आठ. वनस्पतीचा जवळपास शून्य. तात्पर्य, लोण्याच्या त्या आखूड साखळीला न्यायालयात साक्ष देता येऊ लागली. ही मोठी सिद्धी होती, आणि मी तिला कमी लेखत नाही. पण साक्षीदार आता स्वयंपाकघरातून उठून प्रयोगशाळेत गेला होता, हेही ध्यानात ठेवा.

१०/ आता संदेशातले पहिले विधान पाहू: 'पूर्वी तूप निर्भेळ होते.' १९१७ साली कलकत्त्यात तुपाचा प्रचंड घोटाळा उघडकीस आला. बाजारातल्या तुपात जनावरांची चरबी सापडली. धर्म बुडाला म्हणून हजारो ब्राह्मण हुगळीच्या काठी प्रायश्चित्ताला बसले, व्यापारी मंडळींत जातीय बहिष्कार आणि दंड झाले, आणि त्याच वर्षी सरकारला घाईने कायदा करावा लागला. तेव्हा भारतात वनस्पतीचा उद्योग उभाच राहिला नव्हता. भेसळ करणारे आपलेच होते आणि चरबीही इथलीच होती.

११/ आपल्या मुंबई प्रांतातही १९२५ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा करावा लागला. ज्या समाजात अन्न निर्भेळ असते तो असे कायदे करीत बसत नाही. खेडे निष्पाप होते आणि पाप बाहेरून आले, ही कल्पना मनाला सुखावते. इतिहासाला ती मान्य नाही. तूप महाग होते आणि त्याला पावित्र्याची प्रतिष्ठा होती. जिथे किंमत आणि प्रतिष्ठा एकत्र येतात तिथे भेसळ येतेच.

१२/ दुसरे विधान डालड्याचे. तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन खेळवला की पातळ तेल घट्ट होते. फ्रान्सच्या साबातिए यांनी धातूंच्या उत्प्रेरणाचा पाया घातला, आणि जर्मनीच्या नॉर्मान यांनी १९०२ साली तेल घट्ट करण्याचे एकस्व मिळवले. असा घट्ट मेद आधी हॉलंडमधून इथे येत असे. १९३१ साली लिव्हर कंपनीने हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, मुंबईत शिवडीला कारखाना उभारला, आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. ताडाचे झाड रंगवलेला तो पिवळा डबा पुढे घराघरांत धान्य साठवायला राहिला, आणि मराठीत 'डालडा' हे सामान्यनामच झाले.

१३/ योगायोग पाहा. त्याच १९३७ साली शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला, ज्यातून 'ॲगमार्क' आले, आणि तुपाची प्रतवारी सुरू झाली. एका हाताने तुपासारखा दिसणारा पदार्थ बाजारात येत होता, दुसऱ्या हाताने तुपावर शासनाची मोहोर उमटत होती. मोहोरेची गरज भासावी इतका फरक पुसट झाला होता.

१४/ वनस्पतीला सरसकट शिव्या देणाऱ्यांत मी नाही. तूप ज्यांना परवडत नव्हते अशा लाखो घरांत दिवाळीचा फराळ डालड्यात तळला गेला. त्या घरांची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. वनस्पती म्हणून वनस्पती विकणे हा गुन्हा नव्हता. तिला तुपासारखा दाणा, तुपासारखा रंग-वास आणि तोंडात विरघळण्याचा तोच गुण देणे, आणि मग ती तुपात मिसळली जात असताना 'हे मिसळणाऱ्याचे पाप' असे म्हणणे, तक्रार याविषयी आहे.

१५/ ही तक्रार त्या काळीही झाली, आणि मोठ्या माणसांनी केली. १९४६ च्या सुमारास गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीच्या विरोधात लिहिले. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकूरदास भार्गव यांनी तिच्यावर बंदी घालण्यासाठी संसदेत विधेयक आणले. देशभर वाद माजला. उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध उभे केले गेले. नेहरूंचे सरकार बंदीला अनुकूल नव्हते. बंदी झाली नाही. स्वस्त मेदाची टंचाई पाहता ती भूमिका समजण्यासारखी होती.

१६/ पण बंदीच्या गदारोळात दुसरी, कितीतरी साधी मागणी होती: वनस्पतीला रंग द्या. खा, विका, पण ती तुपात मिसळली तर घरातल्या बाईला दिसेल असा रंग द्या. रतनजोतीच्या मुळाच्या तांबड्या रंगाचे नाव चर्चेत होते. उत्तर असे मिळाले की निरुपद्रवी, कढवल्यावर टिकणारा आणि सहज काढून टाकता येणार नाही असा रंग सापडत नाही. शोध चालू राहिला. रंग कधीच सापडला नाही.

१७/ त्याऐवजी काय झाले? वनस्पतीत किमान शेकडा पाच तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. कारण तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर किंवा फरफ्युरल यांच्याबरोबर तो लालभडक रंग देतो. ही बोदुआँ चाचणी. तुपात लाल रंग उमटला की वनस्पती मिसळलेली आहे असे धरायचे. युक्ती आपली नव्हती. जर्मनीने १८९७ च्या कायद्याने मार्गारिनमध्ये तिळाचे तेल घालायला लावले होते. युक्ती बुद्धीची होती यात शंका नाही.

१८/ आता थांबून या निर्णयाचा अर्थ पाहा. रंगाची मागणी होती, आणि रंग मिळालाही. पण तो कोणाला दिसणार? ज्याच्या हाती तीव्र आम्ल आणि परीक्षानळी आहे त्याला. राधानगरीच्या आठवडी बाजारात तूप घेणाऱ्या बाईला तो दिसणार नव्हता. आपले तूप खरे आहे हे सांगणाऱ्या धनगरणीलाही तो दाखवता येणार नव्हता. खूण ठेवली, पण ती वाचण्याची विद्या सामान्यांच्या हाताबाहेर ठेवली. माझा आक्षेप इथे आहे.

१९/ 'योग्य रंगच नव्हता' हे उत्तर मला पटत नाही. रेशनचे रॉकेल निळे करून याच शासनाने काळा बाजार डोळ्यांना दिसेल अशी सोय केली. रॉकेल खायचे नसते, तिथे काम सोपे, हे मान्य. मग लोण्याचे उदाहरण घ्या. लोणी अधिक पिवळे दिसावे म्हणून त्यात ॲनाटोचा वनस्पतिजन्य रंग घालायला आपले नियम परवानगी देतात. म्हणजे एक मेद अधिक आकर्षक दिसावा यासाठी खाद्य रंग सापडतो, आणि दुसरा मेद वेगळा ओळखू यावा यासाठी मात्र वर्षानुवर्षे सापडत नाही. ही अडचण रसायनशास्त्राची नव्हे, इच्छेची आहे.

२०/ प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दाही मांडतो. रंगाचा कायदा दुष्टपणे वापरता येतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १८९१ साली मार्गारिन गुलाबी रंगवण्याची सक्ती केली. हेतू ग्राहकाला सावध करण्याचा नव्हता, त्याला किळस आणण्याचा होता, आणि त्यामागे दूध-व्यावसायिकांचा स्वार्थ होता. १८९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. योग्यच केले. पण किळस आणणारा रंग आणि ओळख पटवणारा रंग यांत भेद करता येतो. तो करायचा नसेल तर कायदेमंडळ कशासाठी असते?

२१/ आता आजच्या संदेशांकडे परत या. 'तुपात आम्ल आणि साखर घाला, लाल झाले तर भेसळ' असा जो घरगुती उपाय फिरतो, तो म्हणजे ही बोदुआँ चाचणीच. ती तिळाचे तेल पकडते, बाकी काही नाही. तुपात थेट पामतेल वा जनावराची चरबी मिसळली असेल तर रंग येणार नाही आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. शिवाय तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ही स्वयंपाकघरात हाताळण्याची वस्तू नव्हे. कृपया करू नका.

२२/ तळहाताची परीक्षा तर याहून पोकळ आहे. वनस्पतीचा वितळणबिंदू कारखान्यात मुद्दामच शरीराच्या तापमानाच्या आसपास राखला जातो, नाहीतर ती टाळूला चिकटेल. पामतेलही हातावर वितळते. 'दाणेदार म्हणजे अस्सल' हेही तसेच. सावकाश थंड केले की वनस्पतीलाही दाणा येतो, आणि तो आणण्याची कला उद्योगाने फार पूर्वी साध्य केली आहे. म्हणजे पारंपरिक ज्ञान म्हणून जे फिरते आहे, त्यावर मात करण्यासाठीच तो पदार्थ घडवलेला आहे.

२३/ मग आर. एम. अंकाचे काय? तो तरी विश्वासार्ह ना? इथे राधानगरीच्या म्हशीचा संबंध येतो. म्हशीच्या तुपात ब्युटिरिकचे प्रमाण गाईच्या तुपाहून बहुधा जास्त असते. समजा एका तुपाचा अंक ३२ आहे आणि नियमाने किमान अंक २८ ठरवला आहे. सात भाग तुपात एक भाग वनस्पती मिसळा. अंक नेमका २८ येतो. आठवा हिस्सा भेसळ करूनही माल आर. एम. परीक्षेत उत्तीर्ण होतो. आमच्या म्हशीची श्रीमंती ही अशी भेसळखोराची सवलत ठरते.

२४/ उलट्या बाजूचा अन्यायही आहे. जनावराला सरकी वा सरकीची पेंड भरपूर घातली की तुपाचा अंक उतरतो. म्हणून अन्नभेसळीच्या नियमांत प्रदेशाप्रदेशाला वेगळे किमान अंक द्यावे लागले आणि कापूसपट्ट्यासाठी ते खाली आणावे लागले. नाहीतर विदर्भातला प्रामाणिक उत्पादक नुसत्या चाऱ्यामुळे चोर ठरला असता. सांगायचे एवढेच की शुद्धता हा एक आकडा नाही. म्हैस, चारा आणि ऋतू ठाऊक असतील तरच आकड्याला अर्थ येतो.

२५/ आणि अंक तरी किती काळ साक्ष देईल? ग्लिसरॉलच्या तिन्ही हातांना ब्युटिरिक जोडून ट्रायब्युटिरिन नावाचे एस्टर कारखान्यात बनवता येते. ते थोडे मिसळले की कोणत्याही मेदाचा आर. एम. अंक वर चढतो. आता वायुवर्णलेखनासारख्या पद्धतींनी मेदाम्लांचा संपूर्ण आराखडा काढता येतो, आणि ही युक्ती उघडी पडू शकते. पण दरवेळी यंत्र अधिक महाग होते, आणि सामान्य माणूस त्या यंत्रापासून एक पाऊल आणखी लांब जातो.

२६/ हीच दूरता राधानगरीत रोज सकाळी दिसते. आता डोंगरावरचे तूप खाली येत नाही, दूध येते. १९६३ साली जिल्हा दूध संघ स्थापन झाला, गावोगावी दूध संस्था आल्या, दूध विकले जाऊ लागले, दर दहा दिवसांनी बिल मिळू लागले. या बदलाने बाईच्या हाती रोख पैसा आला. त्याचे मोल मी जाणतो. पण किटली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा दिवस एकाच प्रश्नावर ठरतो: फॅट किती लागली?

२७/ ती फॅट मोजण्याच्या काचेच्या नळीचे नाव ब्युटिरोमीटर. स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांनी १८९१ च्या सुमारास ही पद्धत आणली: दुधात तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि थोडे अमाइल अल्कोहोल घाला, नळ्या यंत्रात गरगर फिरवा, वर तरंगलेल्या मेदाची उंची वाचा. नाव ब्युटिरोमीटर, पण ते ब्युटिरिक मोजत नाही. मेद कोणताही असो, ते त्याची उंची सांगते. बऱ्याच ठिकाणी आता नळीच्या जागी विजेवरचे यंत्र आले आहे. प्रश्न तोच राहिला आहे.

२८/ परिणाम असा की पामतेल घोटून केलेले बनावट 'दूध' आणि म्हशीचे दूध, केवळ मेदाच्या उंचीने पाहता, सारखेच. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅट आणि नऊ एस.एन.एफ. या पायावर ठरतो. त्यात चार कार्बनांच्या त्या साखळीला, जिच्यामुळे तुपाला तूप म्हणतात, एक पैसाही मिळत नाही. शहरात त्याच साखळीच्या जोरावर 'अस्सल', 'पारंपरिक', 'बिलोना' असे शब्द छापून दुप्पट-तिप्पट भावाने तूप विकले जाते. जिथे गुण निर्माण होतो तिथे तो मोजला जात नाही. जिथे विकला जातो तिथे तो दाखवला जात नाही.

२९/ खूण आहे पण वाचता येत नाही, याचा सर्वांत ताजा नमुना तेलाच्या पिशवीवर आहे. घरातली पिशवी उलटून पाहा. बहुतेकींवर 'अँटिऑक्सिडंट (आयएनएस ३१९)' असे बारीक अक्षरात छापलेले असते. ३१९ म्हणजे टर्शरी ब्युटिल हायड्रोक्विनोन, तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले एक ब्युटिल संयुग. ३२० आणि ३२१ ही त्याचीच भावंडे. त्यांतल्या ३२० ला जुन्या नियमांत तुपातही मर्यादित परवानगी होती. ठरलेल्या मर्यादेत ते विष आहे असे मी म्हणत नाही. मी एवढेच विचारतो, की ही गोष्ट मराठीत सरळ एका ओळीत का छापत नाहीत?

३०/ न दिसणाऱ्या खुणेची किंमत आरोग्यातही मोजली गेली. तेल अर्धवट घट्ट करताना ट्रान्स मेदाम्ले तयार होतात. ती रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात, हे १९९० साली हॉलंडमधल्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणले. भारतात अन्नातल्या तेल-तुपांवर शेकडा दोनची मर्यादा लागू झाली ती १ जानेवारी २०२२ पासून. १९५० साली हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळच्या मंत्र्यांना त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. पण तेव्हा वनस्पतीला रंग असता, तर पुढे विज्ञान बदलल्यावर लोकांना निदान ठाऊक असते की आपण इतकी वर्षे नेमके काय खाल्ले.

३१/ म्हणून मागण्या चार. एक: तुपाच्या प्रत्येक डब्यावर त्या घाण्याचा आर. एम. अंक आणि तपासणीची तारीख छापा. किमान अंक पार केला एवढे पुरेसे नाही, प्रत्यक्ष अंक हवा. दोन: अंकांमागचा प्रदेश आणि जनावर, गाय की म्हैस, तेही लिहा. तीन: गावच्या संस्थेत फॅट दूध घालणाऱ्यासमोर वाचली जावी आणि शंका आल्यास त्याच नमुन्याची दुसरी तपासणी मागण्याचा हक्क असावा. चार: ३१९ सारख्या आकड्यांचा अर्थ मराठीत छापा.

३२/ यांतली एकही मागणी नवे विज्ञान मागत नाही. शेव्ह्रल यांनी आम्ल शोधून दोनशे वर्षे झाली, राइशर्ट यांच्या चाचणीला जवळपास दीडशे. ज्ञान आहे, ते वाटलेले नाही. आणि ज्यांच्याकडे ज्ञान पोचत नाही त्यांच्याकडे थापा पोचतात. तळहातावर तूप वितळवणारा माणूस मूर्ख नाही, त्याच्या हाती दुसरे काही ठेवलेलेच नाही.

३३/ लोणकढे तूप म्हणजे लोणी कढवून नुकतेच केलेले तूप. लोणकढी थाप म्हणजे तशीच ताजी आणि खमंग लागणारी थाप. आपल्या भाषेने या दोन गोष्टींना एकच विशेषण दिले, कारण दोन्ही वासाने मोहवतात. त्यांतला फरक ओळखण्याचे साधन पुन्हा लोकांच्या हाती द्या. तोवर 'अस्सल तूप ओळखा' हा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: अंक किती, आणि तो कोणी, कोणासमोर वाचला?

धागा समाप्त.